त्रेसष्ट कुंड्या आणि जुलैचा महिना

मी पुण्यात एका समुपदेशन केंद्रात काम करते. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाची फाईल उघडली जाते आणि तिचे रकाने ठरलेले असतात: व्यक्ती, मूळ प्रश्न, पर्याय, हस्तक्षेप, निष्पत्ती. बारा वर्षं इतरांची प्रकरणं लिहून झाल्यावर माझ्या माहेरचंच एक समोर आलं. रकाने तेच ठेवले आहेत. फक्त ‘हस्तक्षेप’ या रकान्यात मी स्वतः बसले आहे आणि माझा पहिला हस्तक्षेप चुकीचा होता, हे आत्ताच सांगून टाकते. म्हणजे पुढे वाचताना कुणी माझ्या शहाणपणावर विसंबणार नाही.

व्यक्ती

आजी, बाबांची आई. जन्म १९४४चा, रामनवमीच्या दुसऱ्या दिवशीचा. शाळेच्या दाखल्यावर मात्र १ जून, तिच्या पिढीतल्या कितीतरी जणांसारखा. सतराव्या वर्षी लग्न होऊन चिपळूण-गुहागर रस्त्यावरच्या आमच्या गावी आली. आजोबा गिरगावात छापखान्यात कामाला. ते चाकरमानी, ती गावी. १९७२ साली डोंबिवलीच्या चाळीत एक खोली मिळाली तेव्हा ती मुलांना घेऊन आली आणि १९८४ साली चाळीतून ब्लॉकमध्ये. आजोबा २००९ साली गेले.

बाबा, प्रकरणाच्या वेळी ६१ वर्षांचे. २०२३ साली बँकेतून निवृत्त. वयाच्या नवव्या वर्षापर्यंत गावात वाढले, त्यानंतर दर मे महिन्यात आणि दर गणपतीत गावाला. छंद एकच, कुंड्या. त्याबद्दल पुढे बरंच येणार आहे.

आई, ५८. माहेर डोंबिवलीचंच, फडके रोडच्या मागच्या गल्लीतलं. म्हणजे सासर आणि माहेर यांत वीस मिनिटं चालण्याचं अंतर. पेटी वाजवते. सोळा बायकांचं भजनी मंडळ आहे, दर गुरुवारी चार वाजता. गुरुवारी आमच्याकडे कुणी चहाला येत नाही, आलंच तर आपापला करून घेतं.

शिवाय मी, कोथरूडला, तिसरीतल्या मुलीसह. आणि भाऊ बंगळुरूला. त्याचं या प्रकरणातलं योगदान म्हणजे व्हिडिओ कॉलवर “गावच बेस्ट” असं चार वेळा म्हणणं.

मूळ प्रश्न

बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. चाळीस वर्षांची, चार मजली, बिनलिफ्टची, २४ ब्लॉकची. गच्ची गळायची, जिन्यातल्या स्लॅबचे पापुद्रे पडायचे, आणि सळ्या इतक्या गंजल्या होत्या की वॉचमन त्यांना हात लावू द्यायचा नाही. सोसायट्यांच्या पुनर्विकासासाठी सरकारचा ४ जुलै २०१९चा निर्णय आहे. त्याप्रमाणे विशेष सभेला दोन तृतीयांश सभासद हजर लागतात आणि एकूण सभासदांपैकी निदान ५१ टक्क्यांची संमती लागते. आमच्या हिशेबाने सोळा जण खुर्चीत आणि तेरा जणांचा होकार. मार्च २०२४च्या सभेत बावीस जणांनी होकार दिला. उरलेल्या दोघांपैकी एकाला दोन पार्किंग हवी होती आणि दुसऱ्यांनी १९८४पासून कुठल्याच ठरावाला होकार दिलेला नाही.

जागा ३१ जानेवारी २०२५पर्यंत रिकामी करायची होती. नवी इमारत उभी राहायला छत्तीस महिने. तोवर बिल्डर दरमहा भाडं देणार, सामान हलवण्याचा खर्च देणार, वर कॉर्पस म्हणून एकरकमी पैसे. आमचा ४३० चौरस फुटांचा ब्लॉक जाऊन ५६० चौरस फूट मिळणार. लिफ्टही असणार. तिसऱ्या मजल्यावर राहणारी आजी २०२२पासून डॉक्टर आणि मतदान यांखेरीज खाली उतरलेली नव्हती. लिफ्टची गरज होती ती आत्ता. मिळणार होती ती चौऱ्याऐंशीव्या वर्षी.

कागदावरचा प्रश्न एवढाच होता की तीन वर्षं राहायचं कुठे. पण तीन वर्षं हा आकडा वाईट असतो. एक वर्ष असतं तर कुणी विचारसुद्धा केला नसता, दहा असती तर घरच विकलं असतं. तीन वर्षांत माणूस दुसरीकडे रुजूही शकतो. बाबांनी हे ओळखलं आणि एका रविवारी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “मग कायमचंच गावी जाऊ या की.”

पर्याय

बाबांनी बँकेतल्या सवयीने जुन्या लेजरच्या कोऱ्या पानांवर तक्ता आखला. उभे रकाने तीन: डोंबिवलीत भाड्याने, पुण्यात आमच्या जवळ, गाव. आडव्या ओळी दहा: हवा, पाणी, डॉक्टर, स्टेशन, महिन्याचा खर्च वगैरे. प्रत्येकाला दहापैकी गुण. गावाला ७४, डोंबिवलीला ५९, पुण्याला ५६. गुण देणारा परीक्षक एकच होता हे आईने लगेच दाखवून दिलं. हवा, शांतता आणि ‘मोकळेपणा’ या तीन ओळी वेगवेगळ्या धरल्यामुळे गाव एकाच गोष्टीचे तीनदा गुण मिळवून गेलं होतं.

पुण्याचा पर्याय माझा. मी तो मोठ्या काळजीच्या सुरात मांडला: आजीचं वय, हॉस्पिटलं जवळ, वनाझला मेट्रो. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “शाळा किती वाजता सुटते गं तिची?” मी गप्प बसले. सव्वा बाराला सुटते आणि पाळणाघराचे पैसे वाचणार होते, हे खरंच होतं. हा पर्याय तिथेच संपला, आणि त्याबद्दल मी याहून जास्त लिहिणार नाही.

डोंबिवलीत भाड्याने राहण्याची भीती वेगळी. करार अकरा महिन्यांचा. मालकाने दर वेळी नूतनीकरण केलं नाही तर तीन वर्षांत तीनदा बिऱ्हाड हलवायचं, ऐंशी ओलांडलेल्या माणसाला घेऊन. त्यात आमच्या वॉर्डात तेव्हा एकाच वेळी पाच-सहा इमारती पाडायला निघालेल्या, त्यामुळे जो तो त्याच चार गल्ल्यांमध्ये घर शोधत होता आणि दलालांची चंगळ होती.

राहता राहिलं गाव. चिऱ्याचं घर, पुढे ओटी, पडवी, माजघर, मागे न्हाणीघर, वर मंगळुरी कौलं. घर तिघा भावांचं सामाईक. बाबा, बडोद्याचे काका, आणि नालासोपाऱ्याला राहणाऱ्या धाकट्या काकू. सातबाऱ्यावर अजून पणजोबांच्या भावांच्या वारसांचीही नावं आहेत. त्यातल्या काहींना आम्ही पाहिलेलं नाही आणि त्यांनाही आम्ही आहोत हे माहीत नसावं. कोकणात घर असणं आणि घर आपलं असणं यांत हा एवढा फरक असतो. शाकारणीला पैसे द्यायला तिघं तयार असतात, पण एखादी भिंत पाडून संडास आत घ्यायचा म्हटलं की दोन महिने फोन चालतात.

हस्तक्षेप

इथे मी समुपदेशकाची टोपी घातली आणि सुचवलं की कायमचा निर्णय घेण्याआधी महिनाभर राहून बघा. मे महिन्यात जा, माझ्या मुलीलाही सुट्टी आहे, आम्हीही येऊ.

आजी मेथी निवडत बसली होती. या सगळ्या चर्चांमध्ये तिला कुणी काही विचारलं नव्हतं. कारण तिचं मत आम्हाला ठाऊक आहे असं आम्ही धरून चाललो होतो. “आजीला गावाची ओढ आहे” हे वाक्य आमच्या घरात इतक्या वर्षांपासून होतं की ते कुणी पहिल्यांदा म्हटलं हे आठवत नाही. मला संशय आहे की आजोबांनीच म्हटलं असावं.

ती म्हणाली, “मे महिन्यात जाऊन काय कळणार? मे महिन्यात सगळ्यांनाच गाव आवडतं. जुलैत जा.” मग थोडं थांबून, “आणि मला न्या. मी दाखवते.”

व्यावसायिक म्हणून सांगते, बारा वर्षांत याहून नेमका हस्तक्षेप मी केलेला नाही. आम्ही शहरातली माणसं गावाची परीक्षा सुट्टीत घेतो: आंबे असतात, काका-काकू आलेले असतात, रात्री ओटीवर पत्ते असतात. गणपतीत तर गाव नटूनच बसलेलं असतं. त्या गावात राहायला जायचं ठरवणं म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये संसार थाटण्यासारखं आहे. राहणाऱ्याला जे गाव मिळतं ते जूनच्या दुसऱ्या आठवड्यानंतरचं.

५ जुलै २०२४ला आजीला खुर्चीत बसवून दोघांनी खाली आणलं. गाडीत आई, बाबा, आजी, पेटी, औषधांचा डबा, आणि बाबांच्या पायाशी अडेनियमच्या तीन कुंड्या.

जुलै

आता कुंड्यांबद्दल. आमची बाल्कनी चार फूट बाय नऊ, पश्चिमेची. तिथे लोखंडी मांडणीवर एक्केचाळीस कुंड्या, आणि सोसायटीने परवानगी दिलेल्या गच्चीच्या कोपऱ्यात बावीस. त्रेसष्ट कुंड्यांमागे बाबांचं चोवीस वर्षांचं डोकं होतं. कुठल्या मोगऱ्याला दुपारी दोन ते साडेतीनचं ऊन लागतं, मे महिन्यात कुठली कुंडी कुठल्या कुंडीच्या सावलीत सरकवायची, जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आला की निंबोळी तेल आणि साबणाचं पाणी कसं मारायचं. ओला कचरा माठात सुकी पानं घालून कुजवायचा. शेंगदाण्याची पेंड तीन दिवस भिजवून तिचं पाणी द्यायचं. त्या तीन दिवसांत आई बाल्कनीचं दार उघडू देत नसे. रंगाच्या वीस लिटरच्या बादलीत सोनचाफा फुलवला होता. एका वडाला एकोणीस वर्षं ताटलीएवढ्या मातीत धरून ठेवलं होतं. आणि अडेनियम ही त्यांची खास लाडकी, कलम केलेली, फुगीर गड्ड्याची. बँकेतले लोक निवृत्तीनंतर घरी आले की आधी त्यांना बाल्कनी दाखवायची, मग पाणी विचारायचं.

गावी गेल्यावर बाबांनी पहिल्या सकाळी परसात चक्कर मारली. जास्वंद आठ फूट उंच, कुंपण म्हणून लावलेली, फुलांनी वाकलेली, एकही पिठ्या ढेकूण नाही. पावसाने पानं धुऊन काढलेली. अनंत न्हाणीघराच्या सांडपाण्यावर वाढलेला. गवती चहा वाटेवर पायाखाली येत होता. जे जे त्यांनी डोंबिवलीत चमच्याचमच्याने वाढवलं होतं, ते इथे कुणी न सांगता उभं होतं. पहिले चार दिवस ते खुश होते. पाचव्या दिवशी फोनवर म्हणाले, “इथे लावायला काही लागतच नाही गं.” सुरात तक्रार होती हे मला तेव्हा कळलं नाही.

इथे जे लागतं ते काढायला. पावसात आठ दिवसांत रान गुडघ्याला लागतं. रानमोडी, वेली, आणि दोन चिऱ्यांच्या फटीतून उगवलेला पिंपळ. माणसं बेणायला येतात, पण जुलैत ती लावणीला असतात, दाराशी कुणी मिळत नाही. बाबांनी एक दिवस स्वतः कोयती घेतली आणि दोन दिवस पाठ धरून झोपून राहिले. माकडांनी पडवीवरची सहा कौलं सरकवली. ती सरळ करायला कुणी येईपर्यंत माजघरात दोन पातेली, एक बादली. ही कामं बागेची नव्हेत, मालकाची आहेत, आणि बाबा उभ्या आयुष्यात कधी मालक नव्हते. ते माळी होते, तेही चार बाय नऊचे.

अडेनियम मूळचं कोरड्या मुलखातलं. ओटीच्या कठड्यावर ठेवलेल्या तीनपैकी दोघांचे गड्डे पंधरा दिवसांत मऊ पडले. बाबांनी बोट लावलं तर आत गेलं. तिसरं त्यांनी उचलून देवघरात दिव्याजवळ ठेवलं. आई म्हणते, तो दिवस निर्णयाचा. बाबा हे मान्य करत नाहीत.

आईचं उलटं झालं. गाव नको म्हणणारी तीच होती. पेटीने तर पहिल्याच आठवड्यात राम म्हटला, लाकूड फुगलं आणि तीन पट्ट्या दाबल्या की वर येईनात. शेजारच्या वाडीतल्या एका मुलाने सांगितल्याप्रमाणे पेटीजवळ साठ वॅटचा जुना बल्ब लावून ठेवला. वीज असेल तेव्हा पेटी वाळायची, वीज गेली की पुन्हा फुगायची, आणि वीज रोज जायची. तरी आषाढीच्या आदल्या रात्री वाडीतल्या बायका विचारायला आल्या की देवळात पेटीला कुणी नाही, येता का. १७ जुलैला एकादशी होती. दिवसभर लावणी करून आलेल्या बायका, कुणाच्या हाताला अजून चिखलाचा वास, रात्री नऊ वाजता गायला बसल्या.

डोंबिवलीच्या मंडळात सूर ठरलेला, काळी चार. चाळीस भजनं ठरलेली, क्रमही ठरलेला. इथे जी सुरू करेल तिची पट्टी. एक अभंग पांढरी पाचात गेला, पुढचा मधेच कुठेतरी, आणि तिसरा ज्या आजींनी धरला त्या दोन ओळींनंतर अर्ध्या सुराने वर चढल्या. सगळ्या जणी त्यांच्यामागे चढल्या. आई म्हणाली, “मी त्यांच्यामागे धावत होते, आणि तीन पट्ट्या बंद.” चार वर्षांत मी तिला इतकं हसताना ऐकलं नव्हतं. त्यानंतर ती रोज रात्री जायची. बाबा ओटीवर एकटे, मोबाईलला रेंज शोधत.

बाबांची कुचंबणा कशात होती हे सांगायला त्यांना स्वतःलाच वेळ लागला. पेपर अकराला यायचा, तोही पाऊस कमी असेल तर. बँकेतल्या चौघांचा सकाळी साडेसातचा चहा नव्हता. त्यांना डोंबिवलीत काम काही नव्हतं, पण कुणी ना कुणी फॉर्म भरायला, मुदत ठेवीवरचा टीडीएस विचारायला घरी यायचं. १४ जुलैला खेडजवळ दिवाणखवटीला रुळांवर दरड आली आणि गाड्या जवळजवळ २४ तास थांबल्या. बाबांना १५ तारखेला सोसायटीच्या कराराचा मसुदा वाचायला डोंबिवलीला जायचं होतं. मसुदा त्यांच्याशिवाय वाचला गेला आणि काहीही बिघडलं नाही. हे त्यांना दरडीपेक्षा जास्त लागलं.

आजीने जे ‘दाखवते’ म्हटलं होतं, ते तिने ओटीवरून न उठता दाखवलं. चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलेलं. ब्लीचिंग पावडर टाकून घासली तरी तीन दिवसांत पुन्हा निसरडी. त्यामुळे तिला खाली उतरवायची कुणाची हिंमत नव्हती. म्हणजे डोंबिवलीत तिसरा मजला आणि गावात तीन पायऱ्या, तिच्या लेखी सारखंच. एका सकाळी बाबांनी तिला कौतुकाने सांगितलं की विहीर काठोकाठ भरलीय. ती म्हणाली, “मला विहिरीचं सांगू नकोस.” मग सांगत गेली. अकरा वर्षं, दिवसाला चौदा कळश्या. मे महिन्यात विहीर तळाला गेली की खालच्या वाडीतून. ओली लाकडं, धूर, कपडे वाळेनात म्हणून चुलीवर दोरी बांधून त्यावर टाकलेली बाळाची दुपटी. “तुझी,” बाबांकडे बघून म्हणाली. आजोबा गणपतीत आणि मे महिन्यात यायचे तेव्हा घर सारवलेलं असायचं, फणस कापलेला असायचा. “त्यांना ओढ होती. त्यांनी गाव पाहिलंच कुठे?”

बाबा पडवीत जाऊन उभे राहिले. पागोळ्या पडत होत्या.

एक गोष्ट नोंदवायला हवी, नाहीतर हे प्रकरण गावाच्या विरोधात लिहिल्यासारखं होईल. महिनाभरात आजीचा रक्तदाब एकदाही वाढला नाही. शृंगारतळीच्या बाजारातल्या डॉक्टरांनी दोनदा तपासलं, पायाला आलेली सूज औषध न बदलता उतरवली. डोंबिवलीत तिची झोप चार तासांची होती, इथे सहाची. ती स्वतःही नाकारत नाही. “झोप लागते,” म्हणते. “पण जागं झाल्यावर काय?”

निष्पत्ती

४ ऑगस्टला सगळे परत आले. तक्ता काढलेलं लेजरचं पान बाबांनी फाडलं नाही, पण पुन्हा उघडलंही नाही. डोंबिवली पश्चिमेला तळमजल्यावर एक घर मिळालं. भाडं बिल्डर देणार होता त्याहून दोन हजारांनी जास्त, पण मालक परदेशात आणि तीन वर्षांचं तोंडी आश्वासन. करार अकरा महिन्यांचाच केला. समोर चार फूट रुंदीचा मोकळा पट्टा, ऊन सकाळी नऊ ते अकरा. त्रेसष्टपैकी किती कुंड्या तिथे जगतील याचा हिशेब बाबांनी सप्टेंबरपासून सुरू केला. निर्णय होऊनही महिनाभर उदास असलेला माणूस त्या दिवसापासून वहीपेन्सिल घेऊन बसला. सावलीत काय चालेल, काय द्यायचं, कुणाला द्यायचं. मोगरे बँकेतल्या मित्रांकडे गेले. सोनचाफा गणपतीच्या देवळाजवळ राहणाऱ्या एका बाईंकडे, दर शनिवारी येऊन बघेन या अटीवर. सव्वीस कुंड्या ठेवल्या. वड अर्थातच ठेवला.

आमच्या क्षेत्रात छंद हा रकाना ‘इतर माहिती’खाली येतो. मी तो वर आणायला सुचवलं आहे. आईबाबांचं महिनाभर बघून मला वाटतं की वयस्कर माणसांना कुठे हलवायचं ठरवताना घर किती खोल्यांचं हे विचारण्याआधी त्यांचा छंद कशावर पोसला गेलाय ते विचारावं. बाबांचा छंद टंचाईवर वाढलेला होता. उन्हाची टंचाई, मातीची टंचाई, जागेची टंचाई. ती काढून घेतल्यावर त्यांना करायला काही उरलं नाही. आईचा छंद माणसांवर चालतो, आणि माणसं तिला कुठेही मिळतात. दोघं एकाच घरात पस्तीस वर्षं राहिले, पण एकच पत्ता दोघांना पुरेल असं नसतं हे कळायला पाऊस लागला.

आता सहस्रचंद्रदर्शन. त्याची तयारी या सगळ्याच्या मधोमध चालू होती. बाबांनी गणित केलं: पौर्णिमा ते पौर्णिमा साडेएकोणतीस दिवस आणि वर थोडं, म्हणजे हजार चंद्रांना साधारण ऐंशी वर्षं दहा महिने. आजीच्या जन्मानंतरची पहिली पौर्णिमा चैत्रातली, हनुमान जयंतीची. तिथून मोजत त्यांनी हजारावी काढली ती १३ जानेवारी २०२५ची, पौष पौर्णिमा. गुरुजी म्हणाले, पौषात नको, माघात करा. बडोद्याचे काका म्हणाले, एक्क्याऐंशी पूर्ण झाल्यावर करतात. शेवटी विधी माघात, नव्या जागेत, आटोपशीर केला. पण बाबांचा हजारावा चंद्र जानेवारीतच होता आणि तो त्यांना सोडवत नव्हता.

त्या दिवशी भोगी होती. आईने बाजरीच्या भाकऱ्या आणि भोगीची भाजी केली होती, खोक्यांच्या मधे बसून जेवलो. अठरा दिवसांनी जागा सोडायची होती. निम्मी बिल्डिंग रिकामी झालेली. संध्याकाळी शेजारच्या दोन मुलांनी आजीला खुर्चीसकट उचललं आणि खाली नेण्याऐवजी वर, गच्चीवर नेलं. ती गच्चीवर किती वर्षांनी आली होती कुणास ठाऊक. कोपऱ्यात बाबांच्या कुंड्या दोरीने बांधून तयार होत्या. टाक्यांच्या मागून चंद्र वर आला तेव्हा खालून लोकलचा आवाज येत होता. सगळ्यांनी मोबाईल काढले. माझ्या मुलीने आजीला विचारलं, “पणजी, हा हजारावा?”

“मोजला कुणी?”

बाबांनी खिशातून कागद काढला आणि वाचून दाखवला. आजीने पूर्ण ऐकलं. मग म्हणाली, “आणि आषाढ-श्रावणातले? ढगात दिसलेच नाहीत ते पण धरलेस?”

बाबा बँकेत तीस वर्षं होते. असा आक्षेप लेखापरीक्षकानेही काढला नसेल. ते म्हणाले, “धरलेत. उधारीवर.”

“मग अजून बरेच बाकी आहेत,” आजी म्हणाली, आणि थंडी वाजतेय म्हणून शाल मागितली.

पुढची नोंद

बिल्डिंग पाडून झाली. नव्या ब्लॉकचा नकाशा बाबांनी मोठा करून छापून आणलाय. त्यात बाल्कनी साडेचार फूट बाय आठ आहे, पूर्वेची. म्हणजे ऊन सकाळचं, आणि चोवीस वर्षांची सगळी मांडणी उलटी. त्यांनी त्यावर पेन्सिलने गोल काढायला घेतलेत. आतापर्यंत एकतीस बसतात.

गावच्या घराबाबतचं काकूंचं हक्कसोडपत्र झालेलं नाही. संडासाची भिंत मात्र पडली, काकांनीच पैसे पाठवले.

२०२५ साली आषाढी ६ जुलैला होती. आई दहा दिवस आधीच गावी गेली, मंडळातल्या एका मैत्रिणीला घेऊन, पेटीबरोबर बल्बही बांधून. आजीने जायला सरळ नकार दिला. बाबांना आईने विचारलं होतं, “अहो, येताय का?” तर म्हणाले, कुंड्यांना पाणी कोण घालणार. निघताना त्यांनी ते वाचलेलं एक अडेनियम कागदात गुंडाळून तिच्या पिशवीत ठेवलं. तिने ते बाहेर काढलं आणि परत खिडकीत ठेवून दिलं.